पुनवेचं पाणी

कवीचं नाव मी सांगणार नाही. गावाचंही नाही. केळवे आणि माहीम यांच्या आसपास कुठेतरी, एवढं पुरे. नाव सांगितलं की तुम्ही सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन शोधत जाल आणि आमच्या सरांनी केलेल्या सगळ्यावर बोळा फिरेल.

सर म्हणजे शिक्षक नव्हेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लागलेला केमिस्ट. प्लँटवरची उत्तर प्रदेशातली मुलं त्यांना 'कविराज' म्हणायची. "कविराजजी, बैच पास है कि नहीं?" असं खिडकीतून ओरडायची. सरांनी जन्मात एक ओळ लिहिली नव्हती. "मला लिहिता येत नाही, मला तपासता येतं," असं ते म्हणायचे आणि हे इतक्या गंभीरपणे म्हणायचे की हसणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

ते तपासायचे काय, तर एका कवीच्या कविता. हा कवी आमच्याच भागातला. अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत इथल्या एका वाडीत वाढला, मग मुंबईला गेला, मोठा झाला, कधीच वारला. पण आयुष्यभर कविता लिहिल्या त्या या अकरा-बारा वर्षांवरच. प्राध्यापक मंडळी त्याच्याबद्दल निसर्ग, बालपण, हुरहूर वगैरे बोलतात. सरांना हुरहुरीशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच: "आपले गृहस्थ खोटं लिहीत नाहीत. चाफा म्हटलंय तर चाफा होता. कुठे होता, ते आपण बघायचं." कवीला ते नेहमी 'आपले गृहस्थ' म्हणायचे, जणू काही तो सरावलीला सरांच्या शेजारच्या खोलीत राहतो.

सरावलीला त्यांच्या दोन खोल्या होत्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला. भिंतीवर ना देवाचा फोटो, ना बायकोचा, ना कवीचा. फक्त पंचांगाचं कॅलेंडर आणि त्याखाली खिळ्याला दोरीने बांधलेलं पेन. कुकरच्या शिट्ट्या ते मोजत नसत, घड्याळ लावत असत. टेबलावर एक जाडजूड रजिस्टर. प्रयोगशाळेतल्यासारखे त्यात रकाने आखलेले: कवितेचा नमुना क्रमांक, जागा, तारीख, तिथी, वारा, निरीक्षण आणि शेवटी निष्कर्ष. निष्कर्ष तीनच प्रकारचे असायचे. जुळते, जुळत नाही, पुन्हा पाहणे.

माझा कवितेशी दहावीनंतर संबंध उरला नव्हता. पण बोईसर स्टेशनपासून कारखान्यापर्यंत सर मला रोज स्कूटरवरून नेत आणि या उपकाराच्या ओझ्याखाली माझे रविवार गेले. एकदा मला कवीच्या घराच्या जोत्यावर उभं केलं. घर पडून गेलेलं, नुसतं जोतं उरलेलं. सर स्वतः पिशवीत सोनचाफ्याची फुलं घेऊन देवळापाशी गेले. कवितेत देवळातल्या तेव्हाच्या चाफ्याचा वास घराच्या ओट्यावर येतो. तो येतो का, हे मी सांगायचं होतं. मी तासभर उभा. वास येत होता तो शेजारच्या गोठ्याचा. शेवटी कंटाळून मी फोनवर म्हटलं, "आला सर, आला." पलीकडून सर म्हणाले, "मी फुलं अजून पिशवीतच ठेवलीयत." त्या दिवशी परत येताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागावले नव्हते. माझं रीडिंग यापुढे धरायचं की नाही, याचा विचार करत होते.

दुसऱ्या एका कवितेत मुंबईला निघालेला मुलगा गाडीत बसून रडू आवरायला आकडे मोजतो. वैतरणेच्या पुलावर शंभरपर्यंत मोजायचं ठरवतो, पण चाळिसातच पूल संपतो. सरांनी हातात घड्याळ धरून तीन वेळा तो पूल ओलांडला, जुन्या गाड्या किती सावकाश जायच्या याची चौकशी केली आणि हिशेब मांडला. त्या काळच्या गाडीत शंभर आकडे सहज पुरे व्हायला हवे होते. जुळत नाही. दोन दिवस सर जेवले की नाही कोण जाणे, चेहरा पार उतरला होता. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "अरे, रडणारं पोर आहे ते. हुंदके देत मोजत असणार. चाळीसच होणार." आणि डोळे पुसले. मी ब्यूरेटच्या काचनळीकडे बघत राहिलो. हा माणूस मला त्या दिवसापासून आवडायला लागला.

पण सरांचं खरं काम म्हणजे पुनवेची कविता. कवीची ती सगळ्यांत गाजलेली, शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांच्या तोंडी झालेली. संध्याकाळी मुलगा पाण्याच्या कडेला दगडावर बसलाय, पुनवेचा चंद्र नुकताच वर आलाय, पाणी काठोकाठ भरलंय, त्याच्या बोटांना लागतंय आणि पाण्यावर एक सुरकुती नाही. हे पाणी कुठलं? सगळे सांगत, गावाबाहेरच्या खाडीचं. तालुक्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी तसा लेखच लिहिला होता.

सरही दोनेक वर्षं खाडीच धरून चालले होते. मग एका पौर्णिमेला आम्ही दोघे संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसलो. बघतो तर सगळा चिखल. होड्या कुशीवर पडलेल्या. मथुराबाय नावाची मासेविक्री करणारी बाई सुकत घातलेले बोंबील काढत होती. पन्नाशीची, आवाज भोंग्यासारखा. सरांनी तिला विचारलं, पाणी कधी चढेल?

"कवा म्हंजे? आज पुनव हाय ना! पुनवेला नी अवसेला बाराची भरती. साजच्याला पानी भायेर. येवढं पन ठावं नाय?"

"प्रत्येक पुनवेला?"

"मंग काय, दर्याला सुट्टी असते का? तिथीची पाऊनपट करा, तवढे वाजता भरती. माजा बापूस शाला नाय शिकला, त्याला ठावं व्हतं."

सर उठून उभे राहिले. मला वाटलं अपमान झाला म्हणून निघाले. पण त्यांनी मथुराबायला वाकून नमस्कार केला. ती बिचारी बोंबलांची टोपली धरून मागे सरली.

पुनवेचा चंद्र उगवतो संध्याकाळी, आणि त्याच वेळी खाडीत ठणठणाट. म्हणजे कवितेतलं पाणी खाडीचं असूच शकत नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्याही माणसाला ठाऊक असलेली ही गोष्ट कविता शिकवणाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. सरांनी मग भरती-ओहोटी नसलेलं पाणी शोधायला सुरुवात केली. आमच्याकडे वाड्यांमधून बावखलं असतात, गोड्या पाण्याची तळी, त्यांच्यावर पोफळी आणि पानवेली जगतात. सर अशी चौदा बावखलं हिंडले. चंद्र पाण्यात दिसायला पूर्वेची बाजू उघडी पाहिजे, बसायला दगड पाहिजे, कवीच्या घरापासून लहान मुलाला एकट्याने जाता येईल इतकं जवळ पाहिजे. शेवटी सापडलं ते मालतीकाकूंच्या वाडीतलं.

मालतीकाकू एकट्या वाडी करायच्या. नवरा वारलेला, मुलगा गुजरातेत नोकरीला. पोफळी, थोडी केळी आणि बावखलाला लागून पानवेलीचा मळा. पानमळ्यात शिरताना पायातलं बाहेर काढायचं, हा तिथला रिवाज. मालक असो की पाहुणा, चप्पल कुंपणाबाहेर. सर ते न सांगता पाळायचे. तीन वर्षं दर पौर्णिमेला ते अनवाणी आत जायचे, पाण्याशेजारच्या धुण्याच्या दगडावर बसायचे आणि चंद्र पोफळींच्या वर आला की रजिस्टर उघडायचे. काकू चहा आणून द्यायच्या. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे सर काय जप करतात का?" मी म्हटलं, कविता तपासतात. त्या म्हणाल्या, "असू दे. बसतात तं बरं वाटतं. कोनतरी हाय असं वाटतं."

तीन वर्षांनंतर सरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, जुळते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ घातला मी.

मला वाटलं, एवढं मोठं काम आणि कुणाला पत्ता नाही. सरांना न विचारता मी ते सगळं मोबाइलवर लिहून काढलं, बावखलाचा फोटो टाकला, वर शहाणपणा करून जागेचा नकाशाही जोडला आणि दिलं सोडून. आठवड्याभरात ते फिरत फिरत माझ्याच काकाकडून मला परत आलं. सरांना दाखवलं तेव्हा ते लाजले. "नकाशा कशाला?" एवढंच म्हणाले. पण खूश होते, खोटं कशाला सांगू. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा निष्कर्ष वाचला होता.

मग माणसं यायला लागली. आधी दोन-तीन कविताप्रेमी, मग शाळेच्या सहली, मग केळव्याला शनिवार-रविवार राहायला येणारे मुंबईकर. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी आली, नवरी दगडावर, नवरा पाण्यात. कुणी द्रोणांतून दिवे सोडले, कुणी खाऊची रिकामी पाकिटं. पायातलं कोण काढतंय! बूट घालून माणसं पानवेलीतून आरपार जायची. त्या पावसाळ्यानंतर मळ्याला मर लागली. वेली खालून काळ्या पडून गळायला लागल्या. बुटांमुळेच लागली, असं प्रयोगशाळेतला माणूस म्हणून मी सांगू शकत नाही. काकूंना मात्र खात्री होती.

आम्ही पौर्णिमेला गेलो तर काकू फाटकातच उभ्या. चहाचं नाव नाही.

"सर, मी बावखल बुजवते," त्या म्हणाल्या. "दगडमातीवाल्याला सांगितलंय. पंचायत आता हितं कवितेचा बोर्ड लावनार, रस्ता करनार. बोर्ड लागला की झालं. त्यापरीस पानीच नको."

"काकू, तुमचा मळा कशावर जगेल?"

"मळा आता तरी कुठं जगतोय? दोन महिन्यात निम्म्या वेली गेल्या. माज्या सासऱ्यानं लावलेला मळा हाय तो. तुमी एकटे येत व्हतात, मी कदी नाय बोलले का? पन ही जत्रा तुमच्यापायी आली."

माझ्यापायी आली होती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तर सरांनी माझा हात दाबला. "बोर्डाची सभा कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"येत्या रविवारी. बोर्ड दुसरीकडे गेला तं नाय बुजवनार. मला काय हौस हाय?"

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. सरपंच, ते निवृत्त प्राध्यापक, पन्नासेक गावकरी. बोर्ड बावखलावर लावायचा हे जवळजवळ ठरलंच होतं. फक्त शोध लावणाऱ्यांनी चार शब्द बोलायचे, त्यांना शाल द्यायची आणि चहा घ्यायचा, असा बेत होता. प्राध्यापक हिरमुसले होते. त्यांचा लेख मोडीत निघाला होता ना. मागच्या बाजूला खाडीवरच्या दहाबारा बायका बसल्या होत्या, मधोमध मथुराबाय. बावखलाचं जमलं नाही तर बोर्ड धक्क्यावर येईल आणि आपली मासे सुकवायची जागा जाईल, या धास्तीने त्या आल्या होत्या. मालतीकाकू दाराशी उभ्या होत्या, आतसुद्धा आल्या नाहीत.

सर उठले. इस्त्रीचा शर्ट, हातात रजिस्टर.

"माझा निष्कर्ष चुकला होता," ते म्हणाले. "मी पुन्हा तपासलं. कवितेतलं पाणी बावखलाचं नाही. खाडीचंच आहे. आदरणीय प्राध्यापकसाहेबांचं म्हणणं बरोबर आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. प्राध्यापकांचा चेहरा असा उजळला की बघवेना. तरी माणूस अभ्यासू. त्यांनी विचारलंच, "पण तुमचंच म्हणणं होतं ना, पौर्णिमेला चंद्रोदयाच्या वेळी खाडीत पाणी नसतं?"

"असतं," सर म्हणाले.

मागच्या बायकांत खसखस पिकली. एक तर तोंडाला पदर लावून बोललीच, "काय बोलतंय ह्यो बाबा?" सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वीस वर्षं ज्या माणसाने एक आकडासुद्धा पुढेमागे केला नाही, तो पन्नास माणसांदेखत, ज्यांना भरती तोंडपाठ आहे अशा बायकांसमोर, भरतीबद्दल खोटं बोलत होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मथुराबाय उभी राहिली. तिने आधी सरांकडे बघितलं, मग मान वळवून दाराशी उभ्या मालतीकाकूंकडे. मथुराबाय मासे घेऊन वाडीवर जायची, पानं घेऊन परत यायची. मळ्याचं काय झालं ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

"असते," ती तिच्या त्या आवाजात म्हणाली. "पुनवेला साजची भरती असते. आमाला इचारा, आमी खाडीवर राहातो." मागची खसखस एकदम थांबली. "पन बोर्ड आमच्या सुकटीच्या जागंवर नको. धक्क्याच्या कडंला लावा, पलीकडं."

सरपंचांनी लिहून घेतलं. शाल प्राध्यापकांना मिळाली.

स्कूटरपाशी आल्यावर मी भडकलो. म्हटलं, सर, घोळ माझा होता, मी नकाशा काढून टाकला असता, माफी मागितली असती, तुम्ही तुमचं वीस वर्षांचं काम का मातीत घातलंत? सरांनी सीटवर रजिस्टर ठेवलं, पुनवेच्या कवितेचं पान काढलं, खिशातलं पेन घेतलं. 'जुळते' या शब्दावर एकच सरळ रेघ मारली, प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे खालचं अक्षर वाचता येईल अशी, शेजारी लिहिलं 'जुळत नाही', सही केली आणि तारीख घातली.

"एका माणसाने नकाशा काढून टाकल्याने लोक थांबत नाहीत," ते म्हणाले. "निष्कर्षच बदलायला लागतो." आणि स्कूटर सुरू करायला तीन किक लागल्या.

लोक खरंच थांबले. नव्या बोर्डाचा नवा फोटो फिरायला लागला. बावखल बुजलं नाही. पुढच्या मोसमात काकूंनी नव्या वेली लावल्या आणि त्या धरल्या. हे सगळं मला काकूंनीच फोनवर सांगितलं. पण फोन त्यासाठी नव्हता.

"सर येत का नाय?" त्यांनी विचारलं. "पाच पुनवा झाल्या. मी तवा रागानं बोलले, ते मनाला लागलं का त्यांच्या? त्यांना सांगा, मागच्या बाजूनं वाट हाय, कोनाला दिसनार पन नाय. मी च्या ठेवते."

मी सरांना सांगितलं. ते कुकरकडे बघत होते.

"काकूंना म्हणावं, राग नाही. अजिबात नाही," ते म्हणाले. "पण जागा तिथं नाही असं मी चारचौघांत सांगितलंय. मग मी तिथं जाऊन काय बघणार?"

"पण सर, ते खोटं होतं!"

"सही केलीय मी," सर म्हणाले आणि गॅस बंद केला.

मी काकूंना निरोप दिला. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे लोकांबरोबर मी त्यांना पन घालवलं."

सर निवृत्त झाल्यावर मुलीकडे नाशिकला गेले. जाण्यापूर्वीच्या शेवटच्या पौर्णिमेला मी त्यांना शोधत धक्क्यावर गेलो, कारण आता दर पौर्णिमेला ते तिथेच जायचे. बोर्ड छान झाला होता, निळ्यावर पांढरी अक्षरं. सर बोर्डाखाली रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. समोर मैलभर चिखल. होड्या आडव्या पडलेल्या, बगळे हिंडत होते. मुंबईकडचं एक कुटुंब मोटारीतून उतरलं. दहाबारा वर्षांच्या मुलीने बोर्ड मोठ्याने वाचला, काठोकाठ पाणी वगैरे, आणि मग खाडीकडे पाहिलं. मागे झाडांवर चंद्र आला होता, मोठा, पिवळाधमक.

"आजोबा, पाणी कुठाय?" तिने विचारलं.

सरांनी तिला बसायला बाजूला सरकून जागा दिली.

"येईल," ते म्हणाले. "जरा उशिरा येतं."